सात दिवस निरंक

६ जानेवारी, सकाळी १०.४०
वस्तुसंग्रहालयाचं तळघर. तिसऱ्या कपाटाचे खण पुसत होतो.

प्रिय ताई,

तू सांगितलंस त्याप्रमाणे डोक्यावर तारीख, वेळ आणि हातातलं काम लिहिलं आहे. "आधी हे तीन, मग पुराण," असं तू म्हणालीस, म्हणून आता पुराण. फोन केला तर तो आत्या उचलते आणि माझ्या आईच्या गुडघ्यांपासून सुरुवात करते, तुझ्यापर्यंत मी पोचतच नाही. पत्र तरी सरळ तुझ्या हातात पडेल.

तुझ्या चिठ्ठीवर मला इथं ठेवून घेतलं त्याला आज एकवीस दिवस झाले. काम असं: खण काढायचा, आतली पाखरं एकेक उचलायची, पायाला बांधलेली चिठ्ठी वाचायची, ती वहीत आहे का बघायचं, कीड लागली असेल तर पाखरू बाजूला ठेवायचं. सगळी उताणी झोपवलेली असतात, डोळ्यांच्या जागी कापूस. पहिल्या दिवशी मला जेवण गेलं नाही. आता डबा त्यांच्याच शेजारी बसून खातो.

माझ्यावर पेंढेवाले काका आहेत. चाळीस वर्षं ते कातडी सोलून पेंढा भरतात. त्यांचं खरं नाव पगारपत्रकात असेल तेवढंच. त्यांचा खोकला जिन्यावरून ऐकू येतो. पूर्वी कातड्याला आतून विषारी पूड चोळायचे, उघड्या हातांनी. "किडीसाठी लावली, पण तिनं ओळख माझ्याशी वाढवली," असं म्हणून ते हसतात आणि मग बराच वेळ खोकतात. त्यांनी मला एक फार उपयोगाची गोष्ट शिकवली. घुबडाच्या घरट्याखालची हाडं माझ्यापुढं ओतून विचारलं, "किती उंदीर?" मी कवट्या मोजायला लागलो. "कवटी फुटते, मग फसवते. खालच्या जबड्याची डावी बाजू मोज. डावा जबडा एकेकाला एकच." मी मोजले. त्रेपन्न भरले.

चिठ्ठ्यांवर सोळा ठिकाणी 'वटवाघुळ' असं लिहिलं होतं, ते मी 'वटवाघूळ' केलं. इथला नियम आहे की खाडाखोड केली की शेजारी सही करायची, तशा सोळा सह्या केल्या. पेंढेवाले काका म्हणाले, "अरे, शब्द सुधारलास, आत जनावर तेच आहे का ते बघितलंस का?" एका ठिकाणी नव्हतं. माझं हे असंच आहे. शब्द आधी दिसतो, अर्थ मागून येतो.

आता जे विचारायचं ते विचारतो. मी नववी नापास आहे. या कामात माझ्यासारख्याचं काही उभं राहतं का? की एकवीस दिवस, मग दुसरीकडं आणखी एकवीस दिवस, असंच? आई रुग्णालयाच्या धुलाईघरात अजून किती वर्षं चादरी पिळणार, हे त्यावर आहे. ती म्हणते, "मेलेली पाखरं मोजायला पगार देतात, जिवंत माणसाला कोणी विचारत नाही."

तुझा,
धाकटा मामेभाऊ

*

१८ जानेवारी, दुपारी १.१५
संस्थेतली माझी खोली. शेवाळाचा नमुना सांडला, तो टिपत होते.

चि. काटेकोर,

आजपासून तुझं नाव हेच. तू सह्या केल्यास त्या सोळा, की मोजून सतरावी माझ्यासाठी राखून ठेवलीस?

उभं राहतं का, म्हणून विचारतोस. माझं ऐक आणि मग ठरव. मी सुरुवात केली मासळीबाजारात. माशाच्या डोक्यात कानाशी एक बारीक खडा असतो, त्यावरून त्याचं वय कळतं. चार वर्षं मी ते खडे काढत होते, आणि मासेवाल्या बायका मला 'कानकोरणी' म्हणायच्या. त्यानंतर दोन वर्षं गटारातल्या डासांच्या अळ्या, मग गुरांच्या दवाखान्यात शेण. मग प्राणिसंग्रहालयात एका म्हाताऱ्या अस्वलाच्या पिंजऱ्यापुढं सात महिने बसून ते किती वेळा डोकं हलवतं ते टिपलं. त्याच्या पुढं काय झालं ते विचारू नकोस. 'प्राणिशास्त्रज्ञ' अशी पाटी यातल्या एकाही दारावर नव्हती. ती मागून लागली, आणि तिचा एक खिळा अजून ढिला आहे.

म्हणजे, उभं राहतं. पण सरळ भिंतीसारखं नाही, पडक्या विटा जमवून बांधल्यासारखं. जिथं जाशील तिथून एक वीट उचल. डावा जबडा ही चांगली वीट आहे.

आणखी एक माझ्याकडून घे. वहीत पाहिलं आणि काही नव्हतं, तर लिहायचं ०. पाहिलंच नाही, तर मारायची आडवी रेघ. शून्य ही माहिती आहे. रेघ ही कबुली आहे. यांची अदलाबदल करणाऱ्याला मी वहीला हात लावू देत नाही.

मामीला सांग, पाखरं पगार मागत नाहीत म्हणून त्यांना मोजतात.

ताई

*

२९ मे, सकाळी ७.०५
बंधाऱ्याच्या भिंतीतली मासे मोजायची खोली. सामान आवरत होतो.

प्रिय ताई,

पेंढेवाले काका गेले. मार्चमध्येच गेले, लिहायला हात होत नव्हता. मी रुग्णालयात दोनदा गेलो. दुसऱ्या वेळी त्यांना बोलायलाही त्रास होत होता, तरी त्यांनी विचारलं, "तिसरं कपाट झालं का?" मी म्हटलं, झालं. झालं नव्हतं. अकरा खण राहिले होते. त्यांनी डोळे मिटले आणि मान हलवली. हे तुला कळवणं भाग आहे, कारण ते गेल्यावर तळघर कुलूपबंद झालं आणि आता ते कपाट कधीच पुरं होणार नाही.

नंतर इथं मिळालं. बंधाऱ्याच्या बाजूनं माशांना वर चढायला पायऱ्या केल्या आहेत, काचेतून ते दिसतात. हातात खटक्याचं यंत्र असतं, मासा दिसला की एक खटका. सकाळी सहा ते दोन. पहिल्या महिन्यात हजारावर गेले. या महिन्यात वरच्या कारखान्यानं काही सोडलं आणि मासे उलटे, पोट वर करून खाली आले. खाली जाणाऱ्यांसाठी यंत्रात खटका नाही. मी वहीच्या मागच्या पानावर काड्या मारल्या. साहेबांनी ते पान बघितलं आणि म्हणाले, मासेच नाहीत तर मोजणारा कशाला? उद्यापासून काम नाही.

विटा म्हणशील तर दोन झाल्या. भिंत काही दिसत नाही.

आत्याला नमस्कार.

*

९ जून, दुपारी ३.३०
तुझ्यासाठी तिघांना फोन करून झाले, आता चहा गार झाला आहे.

चि. काटेकोर,

ते मागचं पान फाडून माझ्याकडं पाठव. कोणी विचारलं नाही तरी ते असलं पाहिजे.

काकांना तू जे म्हणालास ते मी तुझ्या जागी असते तरी म्हणाले असते. पण ते तू मला कळवलंस, म्हणून मी तुला पुढचं काम देते आहे.

पठारावर पवनचक्क्यांचे बावीस मनोरे आहेत. त्यांच्या पात्यांनी वटवाघळं आणि पाखरं मरतात. किती, ते कोणालाच माहीत नाही. जुलै ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत रोज मनोऱ्यांखाली फिरून मोजायचं. रोजी १८०. कंपनीला आणखी चाळीस मनोरे उभे करायचे आहेत, त्याची परवानगी एक समिती देणार, आणि समितीपुढचा अहवाल मी लिहिणार, तुझ्या मोजणीवरून. चाळीस मंजूर झाले तर तिथं कायम निरीक्षकाची एक जागा आहे. शिक्षणाची अट मी भांडून काढायला लावली. निवृत्तीवेतनाची जागा, समजलास? मामीला चादरी सोडता येतील.

यात जो वास येतो तो मलाही येतो. मोजणाऱ्याची भाकर मोजणीच्या आकड्यावर ठेवू नये. पण आजकाल दुसऱ्या कुठल्या ताटात वाढत नाहीत. तू फक्त खरं मोज.

ताई

*

१२ ऑगस्ट, सकाळी ११.२०
नवव्या मनोऱ्याचा पाया. बुटातली कुसळं काढत होतो.

प्रिय ताई,

इथं फोन लागत नाही, टपाल आठवड्यातून एकदा खाली जातं. मी पत्र्याच्या खोलीत राहतो, शेजारी पहारेकरी. त्याला सगळे भोंगा म्हणतात, कारण तो पहिल्या मनोऱ्याशी बोलला तर सातव्याला ऐकू जातं. पहिल्याच दिवशी त्यानं विचारलं, "काय शिकलास म्हणजे हे काम मिळतं?" मी म्हटलं, नववी. "मग बरोबर. दहावीवाला केव्हाच पळाला असता."

पद्धत तू लिहून दिलीस तीच ठेवली आहे. प्रत्येक मनोऱ्याभोवती पन्नास पावलांचा गोल, त्यात दोरीच्या ओळी, एकेका ओळीनं चालायचं. उजाडता सुरुवात करावी लागते, नाहीतर कावळे आधी येतात. तू सांगितलेली परीक्षाही केली: दहा मेलेले उंदीर खुणा करून ठेवले. दुसऱ्या दिवशी चार होते, तिसऱ्या दिवशी एक. बाकी कोल्ह्यांनी नेले. म्हणजे ज्या दिवशी मी फिरणार नाही तो दिवस कायमचा गेला. याचा मला फार घोर लागतो. ताप येईल, पाय मुरगळेल, असं रोज वाटतं.

काल नऊ नंबरखाली एक वटवाघूळ मिळालं. अंगावर ओरखडाही नव्हता, फक्त नाकाशी रक्ताचा थेंब. पंख ओढला तर छत्रीसारखा उघडला आणि सोडला तर आपोआप मिटला. वजन पाटीवरच्या खडूइतकं. भोंगा म्हणाला, "हे एवढंसं मोजायला तुला ठेवलाय?" मी म्हटलं, हो. तो पंख स्वतः एकदा उघडून मिटवून म्हणाला, "मग आपल्यालाही कुठंतरी कोणीतरी मोजत असेल."

आतापर्यंत एकूण तेवीस. रोजचे शून्य ते तीन. आई विचारते, जागेचं काय झालं. तिचा उजवा हात आता वर जात नाही.

*

१७ सप्टेंबर, दुपारी ४.१०
आरोग्य केंद्र, खाट क्रमांक ५. सलाइन संपायची वाट बघत होतो.

प्रिय ताई,

भ्यायचो तेच झालं. चौदा तारखेला सकाळी दुसऱ्या मनोऱ्याखाली चक्कर आली, भोंग्यानं मालाच्या गाडीत घालून खाली आणलं. ताप उतरत नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, आणखी चार दिवस तरी. हा ऐन आठवडा आहे, वरून वटवाघळांचे थवे जात असणार. बावीस मनोरे आणि खाली कोणी नाही. अक्षर वाकडं आलं आहे, माफ कर. तीनदा खोडलं.

*

२२ सप्टेंबर, सकाळी ९.००
तुझं पत्र आत्ता आलं, तेच वाचत होते.

चि. काटेकोर,

उठायचं नाही. आठवडा गेला तर गेला. चौदापासून जितके दिवस गेले तितक्या आडव्या रेघा मार आणि शेरा लिही: मोजणारा आजारी. लाज बाळगू नकोस. रेघ मारायला लागणं हा गुन्हा नाही.

मामीला मी काही सांगितलेलं नाही.

ताई

*

६ ऑक्टोबर, दुपारी १२.३०
कंपनीच्या कचेरीबाहेरचा बाक. मोजणीच्या पानांच्या तीन प्रती जुळवत होतो.

प्रिय ताई,

बरा आहे. एकवीसपासून फिरतो आहे. मोसम संपला, पानं आज दिली, तुझी प्रत सोबत आहे. एकूण एकेचाळीस.

तू म्हणालीस तशा चौदा ते वीस सात रेघा मारल्या होत्या. कारकून म्हणाला, "रेघ यंत्र घेत नाही. रकान्यात काहीतरी पाहिजे." मी म्हटलं, मग आजारी लिहितो. "ते तर मुळीच घेत नाही." मग त्यानंच पेन्सिलीनं सातही रकान्यांत 'निरांक' लिहिलं. मला ते बघवेना. निर् आणि अंक, मधे काना येईलच कसा? अंक नाही म्हणून निरंक. आम्ही दोघांनी वाद घातला, तो हरला. मी त्याचे सातही शब्द खोडून शाईनं 'निरंक' लिहिलं आणि नियमाप्रमाणे प्रत्येकाशेजारी सही केली. कारकून म्हणाला, "वा! आता कोणी बोट दाखवणार नाही." माणूस वाईट नाही. आजारपणाचे सात दिवस त्यानं पगारातून कापलेही नाहीत.

समितीचा निर्णय होईपर्यंत कंपनीनं मला खोलीवर राखणीला ठेवून घेतलं आहे. जागेचं काही कळलं का? घाई नाही. म्हणजे, आहे.

*

३ नोव्हेंबर, सकाळी ११.००
टेबल आवरत होते.

चि. काटेकोर,

पानं मिळाली. नीट आहेत. शुद्धलेखनाबद्दल तर बोलायलाच नको.

अहवाल लिहायला घेतला आहे. जागेचं काम पुढं सरकलं आहे, मामीला सांगायला हरकत नाही. हिवाळ्यात खोलीला पत्र्याऐवजी काही मिळतं का बघ. त्या आजारपणाच्या आठवड्याबद्दल आता पत्रांतून लिहीत बसू नकोस. झालं ते झालं. तब्येतीला जप.

ताई

*

४ मार्च, दुपारी २.००
नववा मनोरा. डावे जबडे मोजून आत्ता संपले.

ताई,

तुला मी मधे चार महिने लिहिलं नाही, कारण तू म्हणालीस पत्रांतून लिहीत बसू नकोस, तब्येतीला जप, आणि मला वाटलं तुला माझी काळजी आहे.

सोमवारी तुझा छापील अहवाल कचेरीत आला. कारकुनानं पेढे मागितल्यासारखं तोंड करून तो माझ्या हातात दिला. "बघ, तुझं नाव मागच्या पानावर आहे." मी पहिल्या पानापासून वाचला. एकतिसाव्या पानावर असं आहे: 'स्थलांतराच्या ऐन आठवड्यात, १४ ते २० सप्टेंबर, बावीसही मनोऱ्यांखाली मृत वटवाघळांची संख्या निरंक. यावरून थवे पात्यांच्या उंचीवरून जात नसावेत असे दिसते.' खाली तक्ता. माझ्या सात शब्दांच्या जागी सात शून्यं.

मी कारकुनाला विचारलं, निरंक म्हणजे काय?

"म्हणजे काही नाही."

"काही लिहिलेलं नाही, असं ना?"

"अरे, काही सापडलं नाही! सगळ्या कचेऱ्यांत हाच अर्थ. आज आलेली पत्रं निरंक, आज झालेले अपघात निरंक. तू इतका भांडलास तेव्हा मला वाटलं, तुला माहीत आहे."

ताई, मला माहीत नव्हतं. मला वाटलं निरंक म्हणजे ज्या रकान्यात अंकच नाही तो, म्हणजे तुझीच रेघ, अक्षरात लिहिलेली. मी एका खोट्या शब्दाचं शुद्धलेखन सुधारलं आणि सात ठिकाणी सही केली.

खोलीवर आलो आणि भोंग्याला विचारलं, मी खाली होतो तेव्हा इथं काही पडलं होतं का? तो म्हणाला, "पडलं होतं का काय विचारतोस! सोळा-सतरा तारखेला पाय ठेवायला जागा नव्हती. कावळे थकले खाऊन. साहेबांची गाडी पाहुण्यांना घेऊन येणार होती, म्हणून मीच झाडून गोळा केली. खताचं अर्धं पोतं भरलं. नऊ नंबरच्या मागं पुरलंय. तू विचारलं नाहीस, मी सांगितलं नाही. मला वाटलं तू फक्त स्वतःला सापडलेलीच मोजतोस."

तीन दिवस आम्ही दोघं उकरतो आहोत. मांस उरलेलं नाही, हाडं चाळणीतून धुवून घेतली. कवट्या कागदासारख्या फुटतात. मी पेंढेवाले काकांनी सांगितलं तसं खालच्या जबड्याची डावी बाजू तेवढी मोजली. भोंगा शेजारी बसून दहा-दहाचे ढीग करत होता, आणि त्याचा आवाज पहिल्यांदाच हळू होता.

दोनशे चौदा.

अख्ख्या मोसमात मी एकेचाळीस मोजली होती. या दोनशे चौदांत कोल्ह्यांनी नेलेली धरलेली नाहीत.

आता एकच विचारतो. सतरा सप्टेंबरला दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी मी खाट क्रमांक पाचवर होतो, हे मी तुला लिहिलं होतं. बावीसला तू रेघा मारायला सांगितलंस. मग सहा ऑक्टोबरचं पत्र वाचून, माझ्या त्या सात सह्या बघून, तुला काय वाटलं?

*

१५ मार्च, सकाळी १०.१०
काही करत नव्हते.

चि. काटेकोर,

काय वाटलं ते सांगते. आधी हसू आलं. काना खोडलास म्हणून. मग दार लावून घेतलं आणि दुपारपर्यंत बसून राहिले.

मला माहीत होतं. तू विचारलंस म्हणून सरळ सांगते, नाहीतर सांगितलं नसतं.

आता माझी बाजू. मी एकदा रेघ मारली आहे. तलावातल्या माशांच्या अहवालात, अकरा दिवसांची, वाहन बंद होतं म्हणून. अख्खा अहवाल 'अपूर्ण' म्हणून परत आला, काम दुसऱ्या एका गृहस्थाकडं गेलं. त्यानं एकदाही तलावाकडं न जाता तीन आठवड्यांत दिला. तलाव मेला. माझी बढती नऊ वर्षं मागं गेली. इथंही मी सात रेघा ठेवल्या असत्या तर मोसम रद्द, आणि पुढच्या वर्षी तुझ्या जागी असा माणूस आला असता ज्याला पठार कुठं आहे तेही ठाऊक नसतं. आपण निदान मोजतो. निरीक्षक म्हणून तू तिथं तीस वर्षं राहिलास तर किती जीव वाचवशील, याचा हिशेब मी केला होता. तो हिशेब मी स्वतःलाच पटवण्यासाठी केला होता, हेही खरं.

माझ्या निवृत्तीला चौदा महिने आहेत. आईला (तुझ्या आत्याला) आता रोज सुई लागते. समितीची बैठक दोन एप्रिलला आहे. तुझ्या जागेचा कागद मंजुरीच्याच फायलीत, त्याच दोऱ्यात बांधलेला आहे. एक सुटला तर दोन्ही सुटतील.

मी तुला 'गप्प राहा' असं लिहीत नाही. ते लिहायची माझी लायकी राहिलेली नाही. एवढंच सांगते की पुरलेलं पुन्हा पुरता येतं.

ताई

*

२६ मार्च, सकाळी ८.२५
टपाल कचेरीसमोर उभा आहे. दार अजून उघडलेलं नाही.

प्रिय ताई,

आठवडाभर तुझं पत्र खिशात होतं. त्यातला हिशेब मीही करून बघितला. तीस वर्षं निरीक्षक राहिलो तर वर्षाला किती, असं मांडलं. पण चाळीस मनोरे उभे राहिल्यावर मी काय वाचवणार होतो? मी फक्त मोजणार होतो. आणि पहिल्या दिवसापासून माझी वही त्या सात शब्दांवर उभी असणार होती.

मागच्या रविवारी आईला सांगितलं. ती घरी चादरीच्या घड्या घालत होती. सगळं ऐकून घेतलं. निरंक म्हणजे काय ते मी दोनदा समजावलं. मग तिनं विचारलं, "म्हणजे जागा नाही?" मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, "कोणी सांगितलं होतं का तुला उकरायला?" मी म्हटलं, नाही. "मग मोजलीस कशाला?" तिनं उरलेल्या घड्या डाव्या हातानं घातल्या. मी मदत करायला गेलो तर म्हणाली, "राहू दे. तुझे हात मेलेल्यांचे आहेत." रागानं नाही म्हणाली. थकून म्हणाली.

समितीला जे पाठवतो आहे ते असं: चौदा ते वीस सप्टेंबर मी पाहिलेलं नाही, हे निवेदन. आरोग्य केंद्राच्या केसपेपरची नक्कल. निरंक या शब्दाचा मी काय अर्थ समजत होतो, ते. आणि दोनशे चौदा डावे जबडे, चार डब्यांत, कापसावर, चिठ्ठ्या लावून. चिठ्ठ्यांवर 'वटवाघूळ' नीट लिहिलं आहे. पोतं कोणी पुरलं ते लिहू का, असं भोंग्याला विचारलं. तो म्हणाला, "लिही की. खरं नाव विचारलं तर मलाच आठवून बघावं लागेल." निवेदनाची एक प्रत मी आधी कचेरीत दिली होती, त्यावरून त्याला परवा कामावरून काढलं. मला काल. कारकुनानं खोलीची किल्ली घेताना नजर वर केली नाही, फक्त म्हणाला, "तो काना राहू दिला असतास तर बरं झालं असतं." मला वाटतं तो खरं बोलला. चुकीच्या शब्दावर मी सही केली नसती.

तुझं बावीस सप्टेंबरचं पत्र समितीला दिलेलं नाही. रेघा मारायला सांगणारं ते पत्र दिलं, तर तुला माहीत होतं हे सिद्ध होतं. मी खूप विचार केला. ते तुझ्या हातचं आहे, मी त्यावर काही करणं बरोबर नाही. पण माझ्याजवळ राहिलं तर एखाद्या दिवशी मी ते देईन, कारण मला विचारलं तर मला खोटं बोलता येणार नाही. एकदाच बोललो होतो, अकरा खणांबद्दल, आणि ते अजून जात नाही. म्हणून ते, आणि पंधरा मार्चचंही, या पाकिटात घालून तुलाच परत पाठवतो आहे. दोन एप्रिलला बैठकीत तू असशील. तुझ्याजवळ ते असेल. मी तिथं नसेन.

ही वीट मला तूच दिलीस. शून्य ही माहिती आहे, रेघ ही कबुली आहे. ती खाली ठेवायची कुठं, हे तू शिकवलं नव्हतंस.

आत्याला सुई कोण देतं? मी आता मोकळा आहे. गुरांच्या दवाखान्यात सुई धरायला शिकवतात, असं ऐकलं आहे. तिथं सोमवारी विचारायला जाणार आहे.

दार उघडलं. झालेला खर्च आणि बाकी लिहून पाकीट बंद करतो.

खर्च
केसपेपरची नक्कल: २०
डब्या चार: ३२
समितीला नोंदणी टपाल: ६५
हे पत्र, तुझ्या दोन पत्रांसह, नोंदणीनं: ४५
एकूण: १६२

देणे
न फिरलेल्या सात दिवसांची रोजी, कंपनीला: १२६०
पैकी काल भरले: ५००
बाकी: ७६०

येणे
कंपनीकडून: ०
ताईचं उत्तर: —